भामिनीचा शालू, सिंधूचं जुनेर

‘मानापमाना’तली भामिनी धैर्यधराला नाकारते ती तो गरीब म्हणून. आणि गरिबी रंगमंचावर आधी दिसते ती कपड्यांत. धैर्यधर शूर आहे, सरळ आहे, पण हे गुण उमगायला नाटकाचा निम्मा वेळ जावा लागतो. त्याचा साधा लष्करी पोशाख मात्र पहिल्या क्षणीच डोळ्यांत भरतो. समोर लक्ष्मीधर आहे, हिऱ्यामोत्यांनी मढलेला आणि आतून भेदरट. श्रीमंताच्या लाडात वाढलेल्या मुलीने यातला कोण निवडावा, हा प्रश्न कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी संवादांत नंतर मांडला. त्याआधी तो दोन पुरुषांच्या अंगावर चढवून ठेवला.

खाडिलकर सांगलीचे. १८७२ साली तिथेच जन्मलेले. ‘मानापमान’ त्यांनी किर्लोस्कर मंडळीसाठी लिहिलं आणि १२ मार्च १९११ रोजी ते मुंबईत रंगभूमीवर आलं. भामिनी होते बालगंधर्व. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली होती आणि तरीही ते तोंडाला रंग लावून उभे राहिले, हे आपल्या नाट्येतिहासात इतक्या वेळा सांगितलं गेलंय की त्यातली भीषणता आता कुणाला जाणवेनाशी झाली आहे. मला त्या प्रसंगात दिसतो तो कपडेपट. कुणीतरी तो शालू नेसवला असेल, काष्टा ओढून घट्ट खोचला असेल, दागिने एकामागून एक चढवले असतील. बापाची भामिनी होईपर्यंतची ती घटका दीड घटका. वेषाला आपण शोभा म्हणतो, पण नटाला त्या वेळी धरून उभं करणारं रंगपटात दुसरं काय होतं?

या नाटकाचा गाभा वेषांतरात आहे. दुखावलेल्या धैर्यधराचं मन जिंकायला भामिनी आपलं वैभव उतरवून ठेवते आणि वनमाला नावाची साधी मुलगी होऊन त्याच्यासमोर जाते. धैर्यधर वनमालेच्या प्रेमात पडतो. चेहरा तोच, आवाज तोच. प्रेक्षकाला सगळं ठाऊक आहे आणि नायकाला काही नाही. ही युक्ती जगभरच्या रंगभूमीवर चालत आली आहे. शेक्सपियरच्या रोझलिंड आणि व्हायोला पुरुषी वेषात फिरतात आणि नायकांना पत्ता लागत नाही. खाडिलकरांनी मात्र वेष बदलला तो स्त्री-पुरुष असा नाही, श्रीमंत-गरीब असा. त्यामुळे वेषकाराचं काम अधिक नाजूक झालं. पुरुषी वेष ओळख सरळ पुसून टाकतो. साधं लुगडं ती अर्धवटच पुसतं.

आता वनमालेचं ते साधं लुगडं कसं असावं? ‘मानापमान’ बसवणारी बहुतेक मंडळी इथे घाईने पुढे जातात. शालू काढला, सुती नेसवलं, दागिने उतरवले, काम संपलं. पण हे लुगडं भामिनीने स्वतः निवडलेलं आहे. गरीब मुलगी कशी दिसत असेल, याची एका श्रीमंत मुलीने केलेली ती कल्पना आहे. ते साधं असेल, पण विटलेलं नसेल. काठ बारीक असेल, पण रंग नेमका तिच्या कांतीला शोभणारा असेल. केसांत एखादं फूल असेल, कारण कामकरी बाईला फूल माळायला सवड असते की नाही, हे तिने कधी पाहिलेलंच नाही. वनमालेची साधी राहणी थोडी जास्त देखणी दिसली, तरच ती खरी. त्या देखणेपणात भामिनीचं वय, तिचा खेळकरपणा आणि तिला अजून न कळलेलं जग, तिन्ही गोष्टी एकत्र येतात. पुढे तिच्यात जो बदल होतो त्याचं मोल ठरतं ते इथल्या या किंचित जास्त झालेल्या नीटनेटकेपणावरून.

लक्ष्मीधराचे दागिनेही तसेच वाचावेत. ते फक्त चमकले तर प्रेक्षक एकदाच हसेल. ते जड हवेत, हालचालीला अडवणारे, पळायची वेळ आली की खुळखुळणारे. ज्याला आपली संपत्ती अंगावरून उतरवून ठेवता येत नाही, त्याला पळताही येत नाही. खाडिलकरांचं हे म्हणणं नट तोंडाने बोलायच्या आधी त्याच्या गळ्यातले हार बोलून जातात.

वेषाकडे इतक्या गांभीर्याने पाहण्याची सवय सांगलीला जुनी आहे. १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. तिथून मराठी रंगभूमीचा हिशेब सुरू होतो, आणि ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन पाळतो तो त्याच प्रयोगाची आठवण म्हणून. कर्नाटकातून आलेले भागवत मंडळींचे खेळ आप्पासाहेबांनी पाहिले होते. तशा धर्तीचं पण मराठी वळणाचं काही करावं, ही त्यांची इच्छा. भाव्यांच्या त्या खेळांत संवाद लिहिलेले नसत. सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रं वेळेवर सुचेल तसं बोलत. म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या गोष्टी दोनच, पदं आणि वेष. वनचराच्या वेषातला विदूषक, सोंडेचा गणपती, कमरेला मोर बांधून नाचत येणारी सरस्वती, आणि राळेच्या भडक्यात तलवार परजत, आरोळ्या ठोकत येणारे राक्षस. मशालींच्या हलत्या उजेडात किरीट आणि जरीचे काठ मागेपुढे लखलखत असणार. कुणी काही बोलायच्या आत कोण देव, कोण दानव हे लहान पोरालाही कळे.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. आहार्य म्हणजे वेष, अलंकार, रंग, बाहेरून अंगावर घेतलेलं सगळं. भरत त्यालाही अभिनयच म्हणतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याचेही पुन्हा चार भाग: पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव. बांबू, कापड, चामडं यांच्या घडवलेल्या वस्तू म्हणजे पुस्त. रंगमंचावर येणारे प्राणी म्हणजे संजीव. सरस्वतीच्या कमरेचा तो मोर पुस्तात धरावा की संजीवात, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. त्यात नटाचेच पाय मोराचे पाय होतात आणि वरचं अंग देवीचं राहतं. एका माणसाच्या कमरेपाशी दोन पात्रांची हद्द आखलेली. भाव्यांचा हात बाहुल्यांवरही बसलेला होता. त्यांच्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या. जो माणूस लाकडाला सांधे लावतो, त्याला कापडाखालचं शरीर कुठे वळतं हे नेमकं ठाऊक असतं.

पण भाव्यांचे वेष एकदा चढले की खेळ संपेपर्यंत तेच. राम तो रामच, राक्षस तो राक्षसच. वेष तिथे ओळख देतो आणि थांबतो. माझ्या मते वेषरचनेची खरी कला सुरू होते ती वेष प्रेक्षकांच्या देखत बदलू लागतो तेव्हा. शालू कितीही उंची असो, तो पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत शालूच राहिला तर त्याने फक्त डोळे निवतात.

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी हा बदल घरात आणला. १८९९ च्या ‘संगीत शारदा’त किरीट नाहीत, मोर नाही, ब्राह्मण घरातली लुगडी, उपरणी आणि पागोटी आहेत. पौराणिक वेषाला सरावलेल्या प्रेक्षकाने रंगमंचावर प्रथमच आपल्याच वाड्यातली दांडी पाहिली असेल. त्यात पंचाहत्तरीचा भुजंगनाथ नवरदेव व्हायला निघतो. म्हाताऱ्या शरीरावर नवरदेवाचा साज, एवढ्या एका विसंगतीवर देवलांनी अख्खं नाटक तोललं आहे. त्या साजात जितकी हौस दिसेल तितका तो भीषण. काही नट त्याला विदूषकासारखा भडक रंगवतात, आणि मग शारदेचं संकट हलकं होऊन जातं. भुजंगनाथाचे कपडे उत्तम शिवलेले, बेताचे आणि रुबाबदार असावेत. पैसे टाकून जे जे मिळतं ते सारं त्याच्या अंगावर आहे, आणि मुलगीही त्याच हिशेबात आहे.

बालगंधर्वांचं गाव सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं नागठाणे. रंगभूमीवर ते प्रथम उभे राहिले तेही या पट्ट्यातच, १९०५ साली मिरजेत, ‘शाकुंतला’तली शकुंतला म्हणून. पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि तिच्या कपडेपटाची कीर्ती गाण्याइतकीच पसरली. खरे शालू, खऱ्या पैठण्या, उंची अत्तरं. त्यांचा पदर पाहून घरंदाज बायका पदर घेऊ लागल्या. त्यांच्या नावावर बाजारात टोप्या आणि पावडरी खपल्या. मंडळी कर्जात बुडाली त्यात या हौसेचा वाटा मोठा होता, आणि व्यवहार जाणणारी माणसं त्यासाठी त्यांना बोल लावतात. मी त्यांना बोल लावणार नाही. ‘स्वयंवरा’तल्या रुक्मिणीला खोटी जर नेसवून चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

कारण पैठणीचं काम दिसण्यापुरतं नसतं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. कमरेला गाठ मारून त्याच्या निऱ्या घ्यायच्या, मधला भाग पायांतून मागे नेऊन काष्टा खोचायचा, उरलेलं वर घेऊन पदर करायचा. काष्ट्याने पाय मोकळे होतात पण पाऊल आखूड पडतं. ओच्याचा भार पोटाशी येतो, म्हणून पाठ आपोआप सरळ होते. खऱ्या जरीचा पदर वजनदार. तो खांद्याला किंचित मागे ओढतो, आणि मग मान उचलावीच लागते. पुरुषाच्या शरीरात बाई दिसू लागते ती निम्मी या ओझ्यामुळे. हलक्या जरीचं लुगडं अंगावर तरंगत राहतं आणि खालचा पुरुष उघडा पडतो. बालगंधर्वांच्या छायाचित्रांत खांद्यांवरून लपेटून घेतलेला पदर पाहावा. रुंद खांदे झाकले जावेत ही त्यामागची व्यवहारी गरज असणारच, पण त्या गरजेतून एक डौल जन्माला आला आणि तो पुढे घराघरांत गेला.

नथीचंही तसंच. नाक टोचलेलं नसलं की दाबाची नथ घालावी लागते. चिमटा लावून गाणं म्हणजे काय, हे गवयाला विचारावं. श्वासाची अर्धी वाट अडलेली, मोत्यांचा भार ओठांवर, आणि तशात ताना घ्यायच्या. भूमिका लांबलचक, एकेका पदाला वन्समोअर, रात्र सरून पहाट होईपर्यंत प्रयोग. या चिमट्यातून त्या नाजूक, आत वळलेल्या सुरांना काही वळण मिळालं असेल का, असं मला नेहमी वाटत आलंय.

याच कपडेपटाचं शिखर मला दिसतं ते शालूंत नाही, ‘एकच प्याला’तल्या सिंधूच्या जुनेरात.

हे नाटक गडकऱ्यांचं. ते जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. सुधाकर गणपतराव बोडस, सिंधू बालगंधर्व. प्रेक्षक कशासाठी आला होता हे लक्षात घ्यावं. आठ वर्षं त्याने भामिनी पाहिली होती, तीन वर्षं रुक्मिणी. बालगंधर्व येणार म्हणजे जर येणार, मोती येणार, अत्तराचा वास पहिल्या रांगांपर्यंत येणार. सुरुवातीची सिंधू त्याला फसवत नाही. ती सुखवस्तू वकिलाची बायको आहे, माहेरची श्रीमंत. मग सुधाकराचा प्याला भरू लागतो आणि सिंधूच्या अंगावरून एकेक वस्तू कमी होत जाते.

गडकऱ्यांनी ही उतरण एकदम दाखवलेली नाही, आणि वेषकाराने ती एकदम दाखवू नये. दागिने जातात ते आधी. लुगड्याचा रंग नंतर विटतो. काठ झिजतो त्याही नंतर. शेवटी उरतं उभं चिरलेलं, सांधलेलं जुनेर आणि दळायला घेतलेलं दुसऱ्याचं धान्य. भरताने वेषाचे तीन प्रकार केले आहेत: शुद्ध, विचित्र आणि मलिन. मलिन वेष त्याने वेड्यांना, मद्यप्यांना, वाटसरूंना आणि संकटात सापडलेल्यांना दिला आहे. म्हणजे शास्त्राप्रमाणे सुधाकर आणि सिंधू दोघंही मलिनच. पण रसिकाने इथे शास्त्राच्या एक पाऊल पुढे जावं. सुधाकराचे कपडे मळतात, सुरकुततात, बटणं तुटतात. सनदेवर गदा आल्यावर पागोट्याचा पीळही सैल होतो. तो स्वतःच्या अंगावरच्या कपड्यांची काळजी घ्यायचं सोडतो. सिंधूचं जुनेर फाटकं आहे पण धुतलेलं आहे. तिने ते शिवलं आहे, पदर जिथे विरला तिथे घडी अशी घेतली आहे की भोक आत जावं. तिची पूर्ण भूमिका त्या घडीत आहे. नवऱ्याची अब्रू ती शब्दांनी झाकत राहते आणि हातांनी पदराचं भोक.

सिंधू करणाऱ्या नटीने जुनेराला वरून डाग लावून घेतले, केस पिंजारले, की मला वाईट वाटतं. तो वेष सुधाकराचा झाला. सिंधूच्या अंगावर एक स्वच्छ ठिगळ हवं, बारीक टाक्यांचं, कारण शिवायला तिच्याकडे हात आहेत, वेळ आहे, फक्त नवं कापड नाही. गळ्यात मंगळसूत्र तेवढं राहिलेलं असावं. आणि ज्या खांद्यावर कालपर्यंत जरीचा पदर होता तिथे आज वजन नसल्यामुळे खांदा थोडा पुढे आलेला असावा. हे शेवटचं सगळ्यांत कठीण. हलक्या कापडाची सवय नसलेलं शरीर दाखवायचं, तर नटीने आधी जड कापड नेसून तालमी केलेल्या असाव्या लागतात.

वनमाला आणि सिंधू या दोघी एकाच नटाच्या अंगावर, आठ वर्षांच्या अंतराने आल्या. दोघींनी श्रीमंती उतरवली. एकीने हौसेने निवडलेलं साधं लुगडं, दुसरीवर येऊन पडलेलं जुनेर. बालगंधर्वांचं मोठेपण मोजायला मला या दोन वस्त्रांमधलं अंतर पुरतं. जो नट शालूमुळे देव झाला, त्याने शालू उतरवल्यावरही प्रेक्षक खिळून राहिला. १९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ म्हणून पुरुषवेषात पडद्यावर आले, तेव्हा मात्र त्यांच्या रसिकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. लुगडं फाटलेलं चाललं, पण नसलेलं चाललं नाही.

इथवर पेटाऱ्यांची, जरीची, मंडळीच्या कर्जाची गोष्ट झाली. याच मातीत कापडाशिवाय वेष करणारी एक दुसरी परंपरा आहे आणि तिच्यासमोर मी अधिक नम्र होतो. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, असा हा तमाशाचा पट्टा आहे. गणगौळणीत मावशी येते ती पाहावी. मिशा असलेला, धोतर नेसलेला, चांगला धिप्पाड गडी. तो खांद्यावरचं उपरणं उचलून डोक्यावर घेतो, एक टोक दातांत धरतो, कमरेवर हात ठेवतो. झाली मावशी. मिशी लपवायचा प्रयत्नच नाही. गौळणी तिच्याशी बाईसारखं बोलतात, कृष्ण तिची वाट अडवतो आणि समोरचं सगळं गाव ते मान्य करतं. थोड्या वेळाने वग सुरू झाला की तेच उपरणं कमरेला बांधून तो शिपाई होतो, गुंडाळून कडेवर घेतलं की ते तान्हं मूल होतं.

बालगंधर्वांनी जे सव्वाआठ मीटर रेशमाने केलं, ते हा गडी दीड-दोन मीटर सुती कापडाने करतो. दोन्हीकडे तत्त्व एकच: कापड शरीराकडून काहीतरी करवून घेतं. दातांत टोक धरलं की मान वाकडी होते, नजर तिरपी जाते, बोलणं दातांतून येतं. मावशीचा ठसका त्या चावलेल्या टोकातून निघतो. ही युक्ती ज्याने प्रथम केली त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. मी त्याला भाव्यांच्या पंक्तीला बसवीन.

काळू-बाळूंचं तर वेषाशी वेगळंच नातं. ते जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ वगातल्या त्यांच्या हवालदारांनी अख्खा महाराष्ट्र हसवला. एरवी गणवेश माणसांतला फरक पुसून टाकतो. इथे फरक जन्मतःच पुसलेला, त्यावर पुन्हा गणवेश चढवला. मग प्रेक्षक वेडा होऊन दोघांत फरक शोधू लागतो, टोपीचा कल, पट्ट्याची पातळी, पायांची फाक. सारखेपणातून माणूस कसा वेगळा काढावा, याचा इतका सोपा पाठ दुसरीकडे मिळणार नाही.

साताऱ्याकडे वळलं की वाईच्या यमुनाबाई वाईकर आठवतात. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांची थोरवी त्याच्या कितीतरी आधी ठरलेली होती. बैठकीची लावणी बसून करायची. पायांतला चाळ गप्प, नाच नाही, फेर नाही. उरतात डोळे, हात आणि पदर. उभ्याने नाचणाऱ्या बाईच्या नऊवारीला काष्ट्याचा ताण दाखवायचा असतो, काठ पोटरीवर कसा बसला ते दाखवायचं असतं. बसलेल्या बाईचं सारं लुगडं मांडीखाली आणि ओच्यात निजलेलं. त्यातला फक्त हातभर पदर जागा. तो खांद्यावरून थोडा सरकला की एक अर्थ, बोटाभोवती गुंडाळला की दुसरा, डोक्यावरून पुढे ओढला की तिसरा. एकाच ओळीला वेगवेगळी अदा करताना वेष न बदलता बदलत राहतो. मराठी वेषरचनेचा सगळ्यांत काटकसरी आणि सगळ्यांत श्रीमंत नमुना मी याला म्हणेन. बैठकीच्या लावणीच्या नावाखाली आता जे झगमगीत दिसतं, टिकल्यांनी भरलेलं आणि दिव्यांत डोळे दिपवणारं, त्यात हा हातभर पदर हरवतो. चमकणारं कापड एकसारखं बोलत राहतं. त्यातून बाईला काही सांगायचं असेल तर ते ऐकू कसं येणार?

साताऱ्याने रंगभूमीला ऐतिहासिक माणसंही दिली. नाना फडणविसांचा जन्म साताऱ्यातला, त्यांचा वाडा वाईजवळ मेणवलीला. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाला’त हे नाना आले तेव्हा त्यांच्यामागे पुण्याच्या ब्राह्मणांची एक रांग उभी होती. एकसारखी धोतरं, एकसारखी उपरणी. ती माणसं झुलतात, गातात आणि पाठ फिरवली की भिंत होतात. वेषात काही बदललेलं नसतं, फक्त बाजू बदलते. सारख्या पांढऱ्या कपड्यांतून पवित्रपणा आणि दडपण अशा दोन गोष्टी एकाच वेळी उभ्या राहतात, हा समूहाच्या वेषाचा आपल्याकडचा सर्वोत्तम वापर.

नाटककार वसंत कानेटकरही साताऱ्याकडच्याच रहिमतपूरचे. १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहून त्यांनी शिवाजी महाराजांना सिंहासनावरून उठवून घरात आणलं, बाप आणि मुलगा समोरासमोर उभे केले. त्याआधीच्या ऐतिहासिक नाटकांत जिरेटोप, दाढी आणि भवानी तलवार आली की महाराज आले. पण मुलाशी बोलताना बाप जिरेटोप घालून बसत नाही. या नाटकाने वेषकारापुढे खरं कोडं टाकलं: ज्या चिन्हांनी लोक राजाला ओळखतात, ती काढून ठेवूनही राजा राजा कसा दिसावा? साध्या अंगरख्याच्या बंदांत, खांद्यावर घेतलेल्या शेल्याच्या पडण्यात उत्तर शोधावं लागतं. अजूनही पुष्कळ मंडळी उत्तर शोधत नाहीत; टोप चढवतात आणि बापाला परत सिंहासनावर नेऊन बसवतात.

त्यात त्यांचा दोष किती म्हणावा? गावच्या जत्रेतलं नाटक असो की साताऱ्याच्या शाहू कला मंदिरातला, सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातला स्पर्धेचा प्रयोग, कपडे येतात ते ड्रेपरीवाल्याकडून, प्रयोगाच्या दिवशी दुपारी, गाठोड्यात. अंगरखा छातीला घट्ट, सुरवार घोट्याच्या वर, टोप कुणाच्या तरी डोक्याच्या मापाचा. नट तो चढवतो आणि दोन महिने तालमीत कमावलेली चाल एका तासात विसरतो. प्रयोगानंतर परीक्षक अभिनयात ताठरपणा होता असं लिहितात. ताठरपणा अंगरख्याच्या काखेत होता.

अलीकडे शिवलेली नऊवारी सरसकट दिसते. निऱ्या टाचलेल्या, काष्टा बेतलेला, कमरेला चेन किंवा हुक. दोन मिनिटांत अंगावर. वेषांतर झटपट करायचं असेल तिथे तिचा उपयोग आहे आणि तो मी नाकारत नाही. पण ती एकाच तऱ्हेने बसते. तिचा ओचा सुटत नाही, म्हणून आवरून घ्यावा लागत नाही. पदर टाचलेला, म्हणून सावरावा लागत नाही. सिंधूने दळायला बसताना ओचा खोवायचा असतो, भामिनीने रागाने वळताना निऱ्या पायाने बाजूला सारायच्या असतात, मावशीने टोक दातांत धरायचं असतं. शिवलेल्या कापडात यातलं काहीच होत नाही आणि नटीचे हात मोकळे, बेकार लोंबत राहतात.

म्हणून नाटक बसवणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. ‘एकच प्याला’ करणार असाल तर पहिल्या तालमीच्या दिवशी सिंधूच्या हातात दोन न शिवलेली लुगडी द्या, एक जड काठाचं आणि एक धुवून धुवून विरलेलं. पहिल्या तीन अंकांच्या तालमी तिने जड लुगड्यात कराव्यात. विरलेलं तिने घरी न्यावं, स्वतः शिवावं, आणि त्यातलं ठिगळ कुठे लावायचं हे दिग्दर्शकाने सांगू नये, तिने ठरवावं.